पाच वर्षे झाली, आता अर्ज कधी?

अमेरिकेच्या ग्रीन कार्डावर दोन महत्त्वाच्या तारखा छापलेल्या असतात. एक कार्डाची मुदत संपण्याची. दुसरी ‘रेसिडेंट सिन्स’ या शब्दांपुढची, म्हणजे ज्या दिवशी तुम्ही कायम रहिवासी झालात ती. घराघरांत चर्चा होते ती बहुधा पहिल्या तारखेची. कार्डाची दहा वर्षे संपत आली की कोणीतरी विचारते, ‘पुन्हा पैसे भरून कार्डच घ्यायचे, की एकदाचे सिटिझनशिपचे उरकून टाकायचे?’ एवढा मोठा निर्णय कार्डाच्या मुदतीवर सोडून देणे मला पटत नाही. अर्ज कधी करायचा हे ठरवताना आधी ‘रेसिडेंट सिन्स’ची तारीख पाहावी आणि मग कार्डावर कुठेच नसलेल्या तारखा मांडाव्यात: मुलाचा अठरावा वाढदिवस, आई-वडिलांचे वय, भारतात परतायचे असेल तर ते वर्ष. या तारखांपासून उलटे मोजत आले की अर्जाचा महिना सापडतो.

भारतीयांसाठी हा प्रश्न दोन कारणांनी अवघड होतो. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांमध्ये एका देशाच्या वाट्याला साधारण सात टक्केच कार्डे येतात, त्यामुळे भारतात जन्मलेल्यांची रांग फार लांब आहे. एच-वन-बीवर गेलेल्या पुण्या-नाशिकच्या इंजिनिअरला कार्ड मिळेपर्यंत दहा-बारा वर्षे सहज निघून जातात. त्यावर आणखी पाच वर्षे धरली, तर नागरिकत्वाचा विचार करायची वेळ येते तेव्हा तो पंचेचाळिशीच्या आसपास असतो, मुले शाळेच्या शेवटच्या वर्षांत असतात आणि आई-वडील सत्तरीत. सगळ्या तारखा एकाच वेळी अंगावर येतात. दुसरे कारण म्हणजे भारतीय कायद्याला दुहेरी नागरिकत्व मान्य नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचे नववे कलम स्पष्ट आहे: स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व संपते. त्यामुळे इथे काही मिळवताना काहीतरी सोडावे लागते.

मोजणी कुठून सुरू होते

सर्वसाधारण नियम पाच वर्षांचा आहे. अमेरिकन नागरिकाशी लग्न झालेले असेल आणि तीन वर्षे एकत्र संसार असेल, जोडीदारही ती तीन वर्षे नागरिक असेल, तर तीन वर्षे पुरतात. मुदत पूर्ण होण्याच्या ९० दिवस आधीपासून अर्ज करता येतो. समजा, कार्डावर १० जून २०२१ ही तारीख आहे. पाच वर्षे १० जून २०२६ ला पूर्ण होतात, म्हणून १२ मार्च २०२६ पासून अर्ज स्वीकारला जातो. त्याच्या एक दिवस जरी आधी पाठवला तरी तो नाकारला जाऊ शकतो आणि भरलेली फी बुडते.

अर्जाचा फॉर्म एन-४०० या नावाने ओळखला जातो. १ एप्रिल २०२४ पासून त्याची फी ऑनलाइन ७१० डॉलर आणि कागदावर ७६० डॉलर आहे; उत्पन्न कमी असेल तर सवलत मिळते. कार्डाच्या नूतनीकरणाला ऑनलाइन ४१५ डॉलर लागतात. दर दहा वर्षांनी कार्ड नवे करत राहणे स्वस्त पडते, पण दोन्हींत मिळणाऱ्या गोष्टी इतक्या वेगळ्या आहेत की फीची तुलना करून हा निर्णय घेता येत नाही. कार्ड संपत आल्याची धास्ती असेल, तर एक सोय माहीत असावी: डिसेंबर २०२२ पासून एन-४०० दाखल केला की जुन्या कार्डाची वैधता २४ महिन्यांनी वाढलेली धरली जाते आणि अर्जाच्या पावतीवरच तसे नमूद असते.

प्रवासाचा हिशेब

पाच वर्षे झाली एवढ्याने भागत नाही. कायदा दोन वेगळ्या गोष्टी तपासतो आणि बहुतेक गोंधळ या दोन्ही एकच समजल्याने होतो. पहिली प्रत्यक्ष हजेरी: अर्जाआधीच्या पाच वर्षांत निदान ३० महिने, म्हणजे ९१३ दिवस, अमेरिकेत पाऊल असले पाहिजे. दुसरी सलग वास्तव्य: एकाच फेरीत सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलात, तर वास्तव्य तुटले असे गृहीत धरले जाते. तसे नव्हते हे मग तुम्ही सिद्ध करायचे: नोकरी चालू होती, घराचे भाडे किंवा हप्ते भरले जात होते, कुटुंब तिथेच होते, रहिवासी म्हणूनच टॅक्स रिटर्न भरले होते. एक वर्ष किंवा त्याहून जास्त बाहेर राहिलात, तर वास्तव्य तुटतेच. मग परतल्यावर चार वर्षे आणि एक दिवस थांबून अर्ज करता येतो. सहा महिन्यांच्या गृहीतकाचाही प्रश्न नको असेल, तर साडेचार वर्षे थांबावे लागते.

इथेच रीएंट्री परमिटची गफलत होते. वडिलांच्या आजारपणासाठी दीड वर्ष सांगलीला राहायचे ठरले, परमिट काढला, कार्ड वाचले. परमिटचे काम तेवढेच आहे. त्याने परत येण्याचा हक्क टिकतो, पण नागरिकत्वाच्या मोजणीतले वर्ष वाचत नाही. म्हणून अशी लांब मुदतीची जबाबदारी समोर दिसत असेल आणि पाच वर्षे भरत आली असतील, तर जाण्याआधी अर्ज करायचा की परतल्यावर पुन्हा चार वर्षे थांबायचे, हे तिकीट काढण्यापूर्वीच ठरवावे. आधी अर्ज केला तरी मुलाखत आणि शपथेसाठी हजर राहावेच लागते आणि त्या काळातला लांबचा मुक्कामही तपासला जातो.

मुलांनी ग्रीन कार्ड काढून दिलेल्या आई-वडिलांचा हिशेब आणखी नाजूक असतो. ‘सहा महिने इथे, सहा महिने तिथे’ ही पद्धत मराठी घरांत फार रूढ आहे. प्रत्येक फेरी सहा महिन्यांच्या आत ठेवली की झाले, असा समज असतो. पण पाच वर्षांचे दिवस होतात १८२६, त्यांचे निम्मे ९१३. म्हणजे अगदी काटेकोर निम्मे-निम्मे राहिले तरी हजेरी जेमतेम काठावर येते. एखाद्या लग्नासाठी पुण्यातला मुक्काम पंधरा दिवसांनी वाढला की अर्ज अपात्र. शिवाय विमानतळावरचा अधिकारी फक्त दिवस मोजत नाही; खरे घर कुठे आहे हेही विचारतो. आई-वडिलांना नागरिक व्हायचे असेल, तर काही वर्षे तरी वर्षातले सात-आठ महिने अमेरिकेत काढायची तयारी हवी. तशी तयारी नसेल, तर व्हिजिटर व्हिसावर ये-जा करणेच त्यांच्या सुखाचे ठरते.

ज्येष्ठांसाठी भाषेचाही मुद्दा येतो. पन्नाशी ओलांडून वीस वर्षे, किंवा पंचावन्न ओलांडून पंधरा वर्षे कायम रहिवासी असलेल्यांना इंग्रजीची परीक्षा माफ असते आणि नागरिकशास्त्राची उत्तरे दुभाष्यामार्फत मराठीतून देता येतात. बावन्नाव्या वर्षी कार्ड मिळालेल्या आजीला ही सवलत सदुसष्टाव्या वर्षी मिळेल. तोवर थांबायचे, की थोडे इंग्रजी शिकून सत्तावन्नाव्या वर्षीच अर्ज करायचा? इंग्रजीच्या चाचणीत तीनपैकी एक वाक्य वाचायचे आणि तीनपैकी एक लिहायचे असते. ज्यांनी शाळेत इंग्रजी घेतले आहे त्यांना ते जमते, आणि दहा वर्षे थांबण्यापेक्षा दोन महिने सराव करणे बहुतेकांना परवडते. नागरिकशास्त्राची परीक्षा मात्र आता वाढली आहे. २० ऑक्टोबर २०२५ पासून दाखल होणाऱ्या अर्जांसाठी १२८ प्रश्नांच्या यादीतून २० विचारले जातात आणि १२ बरोबर यावे लागतात. पूर्वी १०० मधून १० विचारत आणि ६ पुरत.

भारताकडून काय सुटते

जे सुटते त्याची यादी नीट पाहिली, तर काही भीती निराधार ठरतात आणि काही खऱ्या. सर्वांत मोठी भीती गावच्या जमिनीची असते: ‘पासपोर्ट बदलला की सातबाऱ्यावरून नाव जाईल.’ तसे होत नाही. वारसाहक्काने शेतजमीन ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डधारकालाही मिळते. नवीन शेतजमीन विकत घेता येत नाही हे खरे, पण ते बंधन परदेशात राहणाऱ्या भारतीय पासपोर्टधारकालाही परकीय चलनाच्या नियमांमुळे लागू आहेच. म्हणजे हा हक्क पासपोर्ट बदलल्याने जात नाही; माणूस परदेशात स्थायिक झाला तेव्हाच तो गेलेला असतो. वारशाने आलेली जमीन विकायची झाली तर ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते, एवढे लक्षात ठेवावे. फ्लॅट घेणे, विकणे, बँकेत एनआरई किंवा एनआरओ खाते ठेवणे, हे सगळे चालू राहते.

खरोखर सुटतात त्या गोष्टी वेगळ्या आहेत. मतदानाचा हक्क जातो. २०११ पासून परदेशातल्या भारतीय नागरिकाला मतदार यादीत नाव घालता येते, पण मत द्यायला मतदान केंद्रावर स्वतः जावे लागते. सरकारी नोकरी आणि घटनात्मक पदे बंद होतात. मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार ओसीआय कार्डधारकांना पत्रकारिता, संशोधन यांसारख्या काही कामांसाठी वेगळी परवानगी लागते, आणि मेडिकल-इंजिनिअरिंगच्या प्रवेशात केवळ भारतीय नागरिकांसाठी असलेल्या जागांवर ओसीआय असलेल्या मुलांना हक्क सांगता येत नाही. एनआरआय जागांवरच प्रवेश मिळतो. मुलांना घेऊन परतायचे आणि त्यांना इथल्या कॉलेजात घालायचे असा बेत असेल, तर ही बाब आधी तपासावी. ओसीआयमुळे भारतात येण्या-राहण्याची आजीवन मुभा मिळते. नागरिकत्व मिळत नाही. हे मनाशी पक्के असले की पुढचा निर्णय स्वच्छ होतो.

ज्या तारखा थांबत नाहीत

आता उलट्या मोजणीकडे येऊ. सर्वांत काटेकोर तारीख मुलाच्या अठराव्या वाढदिवसाची. २००० च्या बाल नागरिकत्व कायद्यानुसार आई किंवा वडील नागरिक झाले, त्या वेळी मूल अठराच्या आत असले, त्याच्याकडे ग्रीन कार्ड असले आणि ते त्या पालकाच्या कायदेशीर ताब्यात अमेरिकेत राहत असले, तर ते त्याच क्षणी आपोआप नागरिक होते. त्याला अर्ज नाही, परीक्षा नाही. पुरावा म्हणून थेट अमेरिकन पासपोर्ट काढता येतो. पण इथे धरली जाते ती पालकाच्या शपथेची तारीख, अर्जाची नव्हे. मुलगी साडेसतरा वर्षांची असताना अर्ज केला आणि शपथ तिच्या वाढदिवसानंतर पडली, तर तिला स्वतःची पाच वर्षे मोजून, स्वतःची फी भरून, स्वतः परीक्षा द्यावी लागते, तीही कॉलेजच्या नाहीतर पहिल्या नोकरीच्या धामधुमीत. प्रक्रियेला किती महिने लागतील हे गावोगावच्या कार्यालयानुसार बदलते, म्हणून अठराव्या वाढदिवसाच्या निदान दीड वर्ष आधी अर्ज जाईल असे पाहावे.

याच नियमात एक वाट दडलेली आहे, जी फार कमी घरांत बोलली जाते. मुलाला नागरिकत्व मिळायला एकच पालक नागरिक झालेला पुरतो. दोघांनी एकदम निर्णय घेतलाच पाहिजे असे नाही. एकाने अमेरिकन व्हावे, दुसऱ्याने भारतीय पासपोर्ट ठेवावा, हा मार्ग कायदेशीर आहे. त्याचीही किंमत आहे: जोडीदार अमेरिकन नागरिक नसेल, तर त्याला मिळणाऱ्या वारशावरची इस्टेट टॅक्सची अमर्याद सूट लागू होत नाही, त्यासाठी वेगळा ट्रस्ट करावा लागतो. मोठी मालमत्ता असेल तर हे आधी वकिलाला विचारून घ्यावे.

दुसरी तारीख आई-वडिलांची. ग्रीन कार्डधारकाला आई-वडिलांसाठी अर्ज करताच येत नाही. एकवीस वर्षे पूर्ण केलेल्या नागरिकाला येतो, आणि त्यांना रांगही नसते. कोल्हापुरात एकटे राहणारे वडील आणि अमेरिकेत एकुलती एक मुलगी अशी स्थिती असेल, तर ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणण्याची किंमत फी-परीक्षेपेक्षा खूप मोठी असते. भाऊ-बहिणीसाठी तर उशिराचा हिशेब थेट आहे. त्या वर्गात भारतीयांची प्रतीक्षा पंधरा वर्षांहून अधिक आहे आणि क्रमांक अर्जाच्या दिवसापासून लागतो. ज्याला धाकट्या भावाला बोलवायचे आहे, त्याने नागरिकत्व तीन वर्षे लांबवले की भावाचा क्रमांकही तितकाच मागे जातो.

परतायचे असेल तर आठवे वर्ष

आतापर्यंत तारखा पुढे ढकलू नका असे सांगितले. आता उलट बाजू. काही वर्षांत कायमचे महाराष्ट्रात परतायचे हे ज्यांचे पक्के आहे, त्यांनी नागरिकत्व घेण्याआधी करांचा विचार करावा. अमेरिका आपल्या नागरिकाला तो जगात कुठेही राहिला तरी जगभरच्या उत्पन्नावर कर-विवरण मागते. पुण्यात राहून बँकेचे व्याज, भाडे, म्युच्युअल फंड, सगळे दरवर्षी तिकडे दाखवायचे. ग्रीन कार्ड परत केले की हे बंधन संपते, पण तेही वेळेत करायला हवे. गेल्या पंधरा करवर्षांपैकी आठ वर्षे कार्ड ज्याच्याकडे होते तो दीर्घकालीन रहिवासी ठरतो आणि त्याला नागरिकत्व सोडणाऱ्यासारखे नियम लागतात. त्याची निव्वळ मालमत्ता २० लाख डॉलर किंवा जास्त असेल, तर न विकलेल्या मालमत्तेच्या नफ्यावरही कर लागू शकतो. घर आणि निवृत्तीचे खाते मिळून अनेक मध्यमवर्गीय कुटुंबे या रेषेच्या जवळ असतात.

या आठ वर्षांच्या मोजणीत वर्षातला एक दिवसही पूर्ण वर्ष धरला जातो. डिसेंबर २०२० मध्ये कार्ड मिळाले, तर २०२० हे पहिले वर्ष आणि २०२७ हे आठवे. म्हणजे या नियमाबाहेर राहायचे तर ३१ डिसेंबर २०२६ च्या आत कार्ड परत करायला हवे. कार्ड मिळून तेव्हा जेमतेम सहा वर्षे झालेली असतात. म्हणून परतू इच्छिणाऱ्याचा निर्णय पाचव्या आणि सातव्या वर्षांच्या दरम्यान व्हायला हवा. तिथेच राहायचे तर अर्ज, परतायचे तर कार्ड परत. बारा-चौदा वर्षे अधांतरी राहिले की दोन्ही वाटा महाग होतात.

थांबावे अशी आणखी एक अवस्था आहे. मागे कधी अटक झाली असेल, कोर्टात प्रकरण असेल, कर थकले असतील, किंवा नागरिक नसताना मतदार यादीत चुकून नाव गेले असेल, तर वकिलाशिवाय अर्ज करू नये. अर्ज केला की जुनी सगळी फाइल उघडली जाते, आणि काही प्रकरणांत कार्डच धोक्यात येते. कर थकबाकी असेल तर आधी हप्ते बांधून घ्यावेत, मग अर्ज करावा.

शपथेचा महिना

शेवटचा मुद्दा व्यवहाराचा, आणि तोच सर्वांत जास्त विसरला जातो. शपथविधीच्या दिवशी दारातच ग्रीन कार्ड जमा करून घेतात. सभागृहात उजवा हात वर करून शपथ घेतली की हातात नॅचरलायझेशन सर्टिफिकेट येते. त्या क्षणापासून भारतीय पासपोर्ट प्रवासाला चालत नाही. तो वापरणे गुन्हा आहे. पुढचा क्रम असा: आधी अमेरिकन पासपोर्ट, मग भारतीय पासपोर्ट रद्द करून सरेंडर सर्टिफिकेट, मग ओसीआयचा अर्ज. यात काही आठवडे ते काही महिने जातात. मधल्या काळात भारतात जायचे असेल तर व्हिसा काढूनच जावे लागते. म्हणून भाचीचे लग्न डिसेंबरात असेल, किंवा वडिलांची शस्त्रक्रिया ठरली असेल, तर त्या वेळी शपथेची तारीख येईल असा अर्ज करू नये. आलीच, तर ती पुढे ढकलण्याची विनंती करता येते.

हे सगळे हिशेब खरे असले तरी नागरिकत्वाचा गाभा मतदानात आहे. तो हक्क भारतीयांना सहज मिळालेला नाही. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिकत्वासाठी अपात्र ठरवले. थिंड यांचे वकील सखाराम गणेश पंडित हे १९१४ मध्येच नागरिक झाले होते. निकालानंतर सरकार त्यांचेही नागरिकत्व काढायला निघाले, तेव्हा ते स्वतःसाठी लढले आणि जिंकले. इतर अनेकांचे गेले. भारतीयांना पुन्हा हा हक्क मिळाला तो १९४६ च्या ल्यूस-सेलर कायद्याने. तीनच वर्षांनी नागरिक झालेले दलीपसिंग सौंद १९५६ मध्ये कॅलिफोर्नियातून काँग्रेसवर निवडून गेले. प्रतिनिधिगृहात जाण्यासाठी सात वर्षे नागरिक असणे बंधनकारक आहे. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार त्याच वाटेने २०२२ मध्ये मिशिगनमधून निवडून आले. सगळ्यांनी निवडणूक लढवावी असे नाही. पण आपल्या मुलांची शाळा, आपल्या गावचा कर, देशाचे इमिग्रेशनचे कायदे ठरताना पंधरा-वीस वर्षे तिथे राहूनही आपले एक मत नसावे, हे मला मनापासून खटकते.

म्हणून पाचव्या वर्षाच्या आधीच्या दिवाळीत घरच्यांनी एकत्र बसून तारखा मांडाव्यात: रेसिडेंट सिन्स, सगळ्या प्रवासांचे दिवस, मुलांचे अठरावे वाढदिवस, आई-वडिलांची वये, परतण्याचे वर्ष. ज्यांचे घर, मुले आणि पुढचे आयुष्य अमेरिकेतच आहे त्यांनी मुदत भरताच अर्ज करावा. ज्यांना परतायचे आहे त्यांनी आठवे करवर्ष उजाडण्याआधी तसे ठरवून कार्ड परत करावे. ज्यांचे अजून नक्की नाही त्यांनी थांबावे, पण कशासाठी आणि कुठवर थांबतो आहोत हे लिहून ठेवावे, आणि त्या तारखेला पुन्हा एकत्र बसावे.